.२२ रायफल आणि ईले टेनेक्स काडतुसे: चार वर्षांच्या वापरानंतर

कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्युनिकचे जगज्जेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ मधील पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक, दोन्ही .२२ रिमफायर (०.२२ इंच व्यासाची, काडतुसाच्या तळाच्या कडेवर आघात होऊन बार उडणारी) रायफलीचे. त्यामुळे कोल्हापुरात हिची चौकशी सतत होते. मात्र सशाच्या शिकारीसाठी ती घेण्याचा विचारही कुणी करू नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

रायफलीइतकाच विचार काडतुसाचा करावा, असे माझे ठाम मत आहे. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते आणि तिथे टेनेक्सची ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी, ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाने जात असल्याने, फार स्थिर राहते. पूर्वी घेतलेल्या एका स्वस्त काडतुसाच्या पेटीत पन्नासांपैकी दोन उडालीच नव्हती; टेनेक्सने अशी वेळ माझ्यावर आणलेली नाही.

गोळीवरचा मेणचट थर बोटाला लागतो आणि त्यावर बसलेली धूळ थेट नळीत जाते, म्हणून पेटी उघडी ठेवू नये. किंमत जड आहेच. तरीही प्रत्येक नळीला काडतुसांचा वेगळा लॉट (एकाच वेळी बनवलेली खेप) मानवतो, हे लक्षात घेऊन आधी थोडी काडतुसे झाडून पाहावीत आणि मगच परवान्याच्या मर्यादेत त्याच लॉटचा साठा घ्यावा.