ठिबक संच: दोन बिलं, दोन एकर

वसमत तालुक्यात माझी साडेतीन एकर आहे. मे 2024 मध्ये एका एकरातल्या हळदीला ठिबक केलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये दुसऱ्या एकरातल्या उसाला. कंपनी तीच, दुकानदार तोच. म्हणून दोन्ही अनुभव एकत्रच लिहितोय.

आधी माल. 16 एमएमची इनलाइन नळी, म्हणजे ड्रिपर नळीच्या आतच बसवलेले. दर 40 सेंटिमीटरवर एक ड्रिपर, प्रत्येकातून तासाला 4 लिटर. गादीवाफ्यावर नळी नीट बसते. वाळूचा फिल्टर घेताना जिवावर आलं होतं, पण विहिरीत शेवाळ असेल तर तो घ्याच. पाटपाण्याला मोटार रात्रभर चालायची आणि मी बॅटरी घेऊन बांधावर. आता दोन्ही व्हॉल्व्ह मिळून दोन तासांत काम उरकतं. वाळलेली हळद 22 क्विंटलवरून 27 वर गेली. दुसरा एकर भिजला तो याच वाचलेल्या पाण्यावर. निंदणीच्या बाया मात्र कमी लागल्या. त्यातल्या दोघी आता साखर कारखान्याच्या टोळीत जातात.

उंदीर नळी कुरतडतात. नळीच्या जोडण्या आणि गूफ प्लग (भोकं बुजवायची बुचं) जवळ ठेवा.

आता पैशाचं. पहिलं बिल 58,000 आणि त्यावर 12 टक्के जीएसटी, एकूण 64,960. सप्टेंबर 2025 मध्ये ठिबकवरचा कर 5 टक्क्यांवर आला, तेव्हा वाटलं चार हजार सुटले. दुकानदाराने दुसऱ्या बिलात मूळ किंमतच 60,500 लावली. कर 3,025, एकूण 63,525. कर 3,935 ने उतरला, माझ्या खिशात आले 1,435. बाकीचे कुठे गेले विचारलं, तर म्हणाला, "मास्तर, पाइपाचा प्लास्टिक दाणा महागला." असेलही.

अनुदानाची गोष्ट उलटी. अल्पभूधारकाला केंद्राचे 55 आणि राज्याचे 25 मिळून 80 टक्के, असं लोक सांगतात. पण ते बिलावर नाही, सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर, हे आधी समजून घ्या. आकडा तरीही कर कपातीपेक्षा कितीतरी मोठा. पूर्वसंमती, खरेदी, मोका तपासणी (शेतात येऊन पाहणी) सगळं रीतसर झालं आणि पैसे दहा महिन्यांनी खात्यावर पडले. तोवर 40,000 रुपये महिना दीड रुपया शेकड्याने उचलले होते. व्याज गेलं 6,000. म्हणजे पहिल्या बिलावर भरलेल्या कराच्या जवळपास रक्कम मी पुन्हा एकदा वाट बघण्यापायी भरली.

तरी मी अनुदानाच्याच बाजूने आहे. त्याच्याशिवाय पहिला संच घेतलाच नसता, आणि ते वरचे पाच क्विंटल शिजवणाऱ्याला, पॉलिशवाल्याला, हमालाला सगळ्यांना काही ना काही देऊन गेले. नुसत्या करकपातीने माझ्यासारखा माणूस दुकानाची पायरी चढत नाही; ज्याचं आधीच ठरलंय त्याचं बिल तेवढं थोडं हलकं होतं.

दुसऱ्या एकराचीही पूर्वसंमती घेऊनच खरेदी केली. या वेळी व्याजाने पैसे काढले नाहीत, हळद विकून आलेल्या पट्टीतून भागवलं. त्यामुळे जुन्या मोटारीचं वायंडिंग मागे पडलंय. दोन तास चालली की तापते.