‘पिसा’चा विदासंच: क्रमवारीपलीकडचे मोल

शालेय शिक्षणाचे धोरण आणि प्रशासन यांचा अभ्यास करणाऱ्यांना ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-चाचणीचा विनामूल्य विदासंच (डेटासेट) मी आग्रहाने सुचवेन. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना (ओईसीडी) या चाचणीतून २००० सालापासून १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांचे वाचन, गणित व विज्ञान यांतील कौशल्य तपासते; मात्र या संग्रहाचे खरे मोल गुणांनुसार लागणाऱ्या देशांच्या क्रमवारीत नसून सोबतच्या प्रश्नावल्यांत आहे. पालकांचे शिक्षण, त्यांचा व्यवसाय आणि घरातील साधने यांवरून काढलेला सामाजिक-आर्थिक निर्देशांक विद्यार्थ्याच्या गुणांशेजारी मिळतो, आणि शिक्षकांची नेमणूक, अंदाजपत्रक, प्रवेश यांबाबतचे निर्णय शाळा घेते की सरकार, हे मुख्याध्यापकांनी नोंदवलेले असते. त्यामुळे स्वायत्त शाळांचे यश स्वायत्ततेचे की सुस्थित घरांचे, हा प्रश्न निदान नेमकेपणाने मांडता येतो. (चर्चा बहुधा क्रमवारीपाशीच थांबते, याची खंत वाटते.) हाताळणी सोपी नाही: नमुन्याचे भारांक (निवडलेला प्रत्येक विद्यार्थी किती विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व करतो, ते सांगणारे आकडे) समजून न घेता काढलेली सरासरी दिशाभूल करते. सर्वांत गंभीर मर्यादा वेगळीच आहे. शाळा सोडलेली मुले या चाचणीत येतच नाहीत, म्हणून जिथे गळती मोठी आहे, तिथले आकडे वाचताना त्या वयोगटातील किती मुले शाळेत आहेत, हे प्रमाण आधी पाहिलेच पाहिजे.