साखरेचे संरक्षण: आयातशुल्क की निर्यात अनुदान?

भारताने फेब्रुवारी २०१८ मध्ये साखरेवरील आयातशुल्क ५० वरून १०० टक्के केले. २०१९-२० च्या हंगामात ६० लाख टन निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपयांचे साहाय्य दिले. शुल्काला तिजोरीतून पैसा लागत नाही. पण देशातच गरजेपेक्षा जास्त साखर तयार होते तेव्हा परदेशी साखर अडवून कोल्हापूर-सोलापूरच्या गोदामांतला साठा हलत नाही. अनुदान तो साठा हलवते आणि कारखान्यांच्या हाती पैसा आल्याने उसाची थकलेली एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर) देणेही सुकर होते. मात्र, अशा अनुदानांविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी केलेल्या तक्रारींवर जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा समितीने डिसेंबर २०२१ मध्ये भारताविरुद्ध निर्णय दिला (अपील ऐकणारे मंडळच ठप्प असल्याने तो लागू झाला नाही, हा भाग वेगळा). तरीही अतिरिक्त उत्पादनाच्या वर्षी ऊसउत्पादकाला प्रत्यक्ष उपयोग अनुदानाचाच अधिक होतो.