कमोडोर ६४, अमिगा ५०० की अटारी एसटी? संगीतासाठी जुना संगणक निवडताना

या तिघांची नावं नेहमी एका दमात घेतली जातात, पण संगीतातली त्यांची कामं अगदी वेगळी होती. त्यामुळे कोणता भारी हे ठरवण्याआधी आठवण नेमकी कशाची येते ते ओळखा. चिपच्या त्या थरथरत्या आवाजाची? पडद्यावर खालून वर सरकणाऱ्या आकड्या-अक्षरांच्या रांगांची? की एक बटण दाबल्यावर खोलीतली सगळी सिंथ (सिंथेसायझर) एका तालात सुरू होण्याची? पहिल्यासाठी कमोडोर, दुसऱ्यासाठी अमिगा, तिसऱ्यासाठी अटारी. इथे गल्लत झाली की यंत्र महिनाभरात धूळ खात पडतं.

कमोडोर ६४ (१९८२) हे खरं तर वाद्यच आहे. त्यातली आवाज निर्माण करणारी सिड चिप बॉब यानेस यांची. पुढे एन्सोनिक ही सिंथ बनवणारी कंपनी काढणाऱ्यांत ते होते. चिपमध्ये आवाज फक्त तीन. प्रत्येकाला त्रिकोणी, करवती, पल्स आणि नॉइज अशा चार लहरी आणि स्वतंत्र एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा भाग), पण नाद गाळून बदलणारा फिल्टर तिघांत मिळून एकच. तीन आवाजांत बेस, सुरावट, कॉर्ड आणि ड्रम बसवायचे म्हणजे युक्त्या आल्याच. कॉर्डचे तीन स्वर एकाच आवाजात सेकंदाला ५० वेळा आळीपाळीने वाजवले की कान ते एकत्र ऐकतो, आणि तीच ती ओळखीची थरथर. ड्रम हवा असेल तर पहिल्या फ्रेमला (पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला ५०) नॉइज द्यायचा, मग लगेच पल्स लहर लावून सूर झपाट्याने खाली आणायचा.

घेताना आत कोणती चिप आहे ते विचारा. ६५८१ ही जुनी, १२ व्होल्टवर चालणारी. ८५८० ही नंतरची, ९ व्होल्टची. फिल्टरचे दोन कपॅसिटरही वेगळे: ६५८१ ला साधारणपणे ४७० पिकोफॅरड, ८५८० ला २२ नॅनोफॅरड. १२ व्होल्टच्या बोर्डावर ८५८० बसवली तर ती जळते, त्यामुळे अदलाबदल करू नका. ६५८१ चा फिल्टर चिपागणिक बदलतो. तीच रचना एका यंत्रावर भरदार आणि दुसऱ्यावर दबकी वाजते, आणि यात बिघाड काहीच नसतो. व्हॉल्यूम रजिस्टर (चिपमधला आकडा लिहायचा कप्पा) वापरून वाजवलेले सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे, ६५८१ वर ठणठणीत ऐकू येतात, ८५८० वर मात्र पुटपुटल्यासारखे.

पाल आणि एनटीएससी या दोन टीव्ही पद्धतींसाठी बनलेल्या यंत्रांचा फरक सुरापर्यंत पोचतो. पाल कमोडोरचं घड्याळ ९,८५,२४८ हर्ट्झचं, एनटीएससीचं १०,२२,७२७. पाल यंत्रावर ४४० हर्ट्झसाठी रजिस्टरमध्ये ७४९३ लिहावे लागतात. तोच आकडा एनटीएससी यंत्रावर जवळपास ४५७ हर्ट्झ देतो, म्हणजे एका अर्धस्वराच्या (सेमीटोनच्या) जवळपास दोन-तृतीयांश चढा. शिवाय फ्रेम ५० ऐवजी ६० असल्याने लयही पळते. जुन्या पाल रचना ऐकायच्या असतील तर यंत्र पालच घ्या.

आणि मूळ पॉवर सप्लाय वापरू नका. त्याचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडला की दाब वर जातो आणि त्यात मेमरीपाठोपाठ सिडचाही बळी जाऊ शकतो. कनेक्टरवर मल्टिमीटर लावून डीसी ५.२ व्होल्टच्या वर दिसला तर तो ठोकळा टाकूनच द्या. त्याला राळ ओतलेली असते, त्यामुळे दुरुस्तीला तो सहसा उघडत नाही. नवा, ओव्हरव्होल्टेज संरक्षण असलेला सप्लाय हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा.

अमिगा ५०० (१९८७) स्वतः आवाज घडवत नाही, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतो. पॉला चिपमध्ये ८ बिटचे चार चॅनल: पहिला आणि चौथा पूर्ण डावीकडे, दुसरा आणि तिसरा पूर्ण उजवीकडे. हेडफोनवर हे फार टोचतं, म्हणून मिक्सरवर दोन्ही बाजू थोड्या आत घ्याव्यात. कार्स्टन ओबार्स्की यांचा साउंडट्रॅकर १९८७ मध्ये आला आणि ट्रॅकरची, म्हणजे सॅम्पल आकड्या-अक्षरांच्या ओळींत मांडून संगीत रचण्याची, पद्धत तिथून रुजली. प्रोट्रॅकर या ट्रॅकरमध्ये एका पॅटर्नला (रचनेच्या एका तुकड्याला) ६४ ओळी. स्पीड ६ आणि टेम्पो १२५ ठेवला तर पॅटर्न ७.६८ सेकंदांत संपतो. खरी अडचण जागेची. पाल यंत्रावर २१४ पीरियडला (सॅम्पलचा वेग ठरवणारा आकडा) सॅम्पल सेकंदाला सुमारे १६,५७४ बाइट खातो, म्हणजे दोन सेकंदांच्या ड्रम लूपला ३२ केबी गेले. ५१२ केबी चिप मेमरीत हे हिशोबानेच भरावं लागतं. आवाज मंद, कांबळं पांघरल्यासारखा वाटला तर लो-पास फिल्टर चालू आहे असं समजा. ट्रॅकरमध्ये ई०१ कमांड दिली की तो बंद होतो आणि पॉवरचा दिवा मंदावतो.

मेमरी वाढवणारं ए५०१ कार्ड सोबत आलं तर आधी त्यावरची बॅटरी काढा. ती गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

अटारी एसटी १९८५ चा. त्याची वायएम२१४९ चिप तीन चौकोनी लहरींची, सिडपुढे साधीच. पण यंत्राच्या अंगावर मिडी इन आणि मिडी आउट (इलेक्ट्रॉनिक वाद्यांना सूचना देण्या-घेण्याची जोडणी) जन्मतःच आहेत, वेगळं कार्ड लागत नाही. क्युबेस हा सिक्वेन्सर, म्हणजे सूर-ताल क्रमाने नोंदवून वाद्यांकडून वाजवून घेणारा प्रोग्रॅम, १९८९ मध्ये याच यंत्रावर आला. सी-लॅबचं नोटेटरही इथलंच. लॉजिक या संगीत सॉफ्टवेअरचं घराणं तिथून सुरू होतं. सिक्वेन्सर चालू असताना पाठीमागे दुसरं काहीच चालत नाही, म्हणून ताल हलत नाही. मर्यादा आहे ती मिडीचीच: ३१,२५० बिट प्रति सेकंद या वेगाने एक नोट-ऑन (स्वर सुरू करण्याची सूचना) जायला ०.९६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दहा स्वरांची कॉर्ड आणि किक एकाच ठोक्यावर असतील तर किक दहा मिलिसेकंद मागे पडू शकते. कॉर्डचा ट्रॅक एक-दोन टिक (सिक्वेन्सरच्या वेळेचं सर्वांत लहान माप) उशिरा केला की किक पुन्हा जागेवर येते.

१ एमबीचा १०४० घ्या, ५१२ केबीत क्युबेस मावत नाही. ६४० बाय ४०० चा कृष्णधवल एसएम१२४ मॉनिटर यंत्राबरोबरच मागून घ्या. आणि मूळ क्युबेस हवं असेल तर कार्ट्रिजच्या खाचेत बसणारी डोंगल (जिच्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही अशी किल्ली) आहे का ते पैसे देण्याआधी पाहा. डोंगल लावताना-काढताना यंत्र बंद ठेवा.

एम्युलेटरवर (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) भागेल का? अमिगासाठी बहुतेक वेळा हो. विनयूएई या अमिगाच्या एम्युलेटरवर प्रोट्रॅकर चालवून ट्रॅकरचं निम्म्याहून जास्त सुख मिळतं. सिडसाठी व्हाइस हा एम्युलेटर चांगला आहे, पण फिल्टर ढकलून वाजवणाऱ्याने खरी ६५८१ च शोधावी. अटारीचं मात्र उलट आहे. हटारी या अटारीच्या एम्युलेटरमधून बाहेर जाणारी मिडी आजच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातून जाते, आणि ज्यासाठी अटारी घ्यायची तो घट्ट ताल तिथेच सैल होतो.

यंत्रासोबत फ्लॉपी आल्या तर काही लिहिण्याआधी त्यांच्या इमेज (फाइलच्या रूपातली हुबेहूब प्रत) काढून ठेवा. अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी पीसीच्या कंट्रोलरला वाचता येत नाही. त्यासाठी ग्रीझवीझल हा फ्लॉपी वाचणारा बोर्ड आणि साधा पीसी ड्राइव्ह पुरतो. बुरशी लागलेली एक फ्लॉपी हेड घाण करते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे उठतात, त्यामुळे संशय आला की लगेच हेड अल्कोहोलने पुसा, मगच पुढची घाला.