मटण कमी करायचंय: सोयावडी, पाकिटातला ‘प्लांट-बेस्ड’ खिमा की चिकन?

कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलंय आणि काळ्या रश्श्याशिवाय रविवार रविवार वाटत नाही, असं कुणीतरी नाशिकमध्ये घरटी सापडेल. 2021 मध्ये रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी ‘इमॅजिन मीट्स’ हा ब्रँड आणल्यापासून वनस्पतीजन्य मांस, म्हणजे सोया-वाटाण्याच्या प्रथिनांपासून मांसासारखे बनवलेले पदार्थ, आपल्याकडेही ओळखीचं झालं. पण ते तब्येतीला खरंच चांगलं का?

माझं मत आधीच सांगते. नेहमीसाठी सोयावडी, हौसेला पाकिटातला खिमा. आणि मटण सोडून चिकनवर आला असाल, तर निव्वळ तब्येतीसाठी पाकिटाकडे वळायची गरज नाही.

तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठापासून सोयावडी बनते. 100 ग्रॅम कोरड्या वडीत 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, चरबी नावापुरती आणि 13 ग्रॅमच्या आसपास तंतू (फायबर). मांसात तंतू अजिबात नसतात. अर्थात 100 ग्रॅम कोरडी वडी एकटं कुणी खात नाही. माणशी 30 ग्रॅम घेतली तरी भिजून वाटी भरते आणि 15 ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढ्यासाठी बिनहाडाचं कच्चं मटण 75 ग्रॅमच्या आसपास लागेल. शिवाय सोयाबीनमध्ये शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) पुरेशी असतात.

लोक वडीला नाकं मुरडतात ती तिच्या वासामुळे. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, वर आलेल्या फेसासकट पाणी ओतून द्या, गार पाण्यात दोनदा धुवून तळहातांत घट्ट पिळा. मग भाजलेला कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला आतपर्यंत मुरतो. नीट पिळली नाही तर रस्सा पाणचट होतो.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. बोकडाच्या मटणातली दिसणारी चरबी काढली, तर ते फार चरबीचं नसतं. आपल्या रश्श्यावरची तर्री बरीचशी आपणच ओतलेल्या तेलाची असते, आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. सोयावडी तर तेल पिते. त्यामुळे मटण काढून वडी घातली आणि तर्री तेवढीच ठेवली, तर वजन हलणार नाही.

पाकिटातल्या खिम्या-कबाबाचं एकच एक उत्तर नाही, पाकीट उलटं करून वाचावंच लागतं. प्रथिनं सोया, वाटाणा किंवा गव्हाच्या ग्लुटेनची असतात. मांसासारखा रसरशीतपणा यावा म्हणून काहींत खोबरेल किंवा पामतेल असतं. खोबरेलातली ऐंशी टक्क्यांहून जास्त चरबी संतृप्त, म्हणजे जिच्यामुळे मटण कमी करायला सांगितलं तीच. दुसरा आकडा सोडियमचा. कच्च्या मटणात ते फार नसतं, मीठ आपल्या हातात असतं. पाकिटात ते आधीच घातलेलं येतं. 100 ग्रॅममध्ये 600 मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर ते दीड ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी हा आकडा पाहिल्याशिवाय पाकीट घेऊ नये.

तरीही या पदार्थांना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. स्टॅनफर्डमध्ये 36 जणांना आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे वनस्पतीजन्य मांस देऊन पाहिलं. 2020 मध्ये आलेल्या निष्कर्षांत वनस्पतीजन्य मांसाच्या काळात वाईट कोलेस्टेरॉल आणि वजन थोडं कमी भरलं. अभ्यासाला पैसा असं मांस बनवणाऱ्या ‘बियाँड मीट’चा होता आणि तुलना प्रामुख्यानं लाल मांसाशी होती, हेही लक्षात ठेवावं. सॉसेज आणि सलामी खाणाऱ्यांनी तर बदल जरूर करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आहे.

चिकनशी तुलना केली की पाकिटाची बाजू लंगडी पडते. बिनकातडीच्या चिकनमध्ये चरबी कमी, प्रथिनं भरपूर, बी-12 असतं आणि किंमतही पाकिटापेक्षा बरीच कमी. पाकिटाकडे एक तंतूच जास्त, आणि ते मटकीच्या उसळीतूनही मिळतात.

मांस, अंडी, दूध सगळंच सोडणार असाल तर बी-12 तपासून घ्या. वरून घातलेलं नसेल तर सोयात ते मिळत नाही. वनस्पतींतलं लोह शरीर कमी शोषतं, म्हणून रश्श्यावर लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. थायरॉइडची गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर सोयावडीचं प्रमाण स्वतः न ठरवता डॉक्टरांना विचारा.