राखीचं पोस्टाचं वॉटरप्रूफ पाकीट: दहा रुपयांत एवढं कोण देतं?

पोस्टात राखीसाठी वेगळं पाकीट मिळतं हे अजून कित्येक जणांना माहीत नाही, कारण पोस्टात जातंय कोण हल्ली. पण राखीपौर्णिमा जवळ आली की मोठ्या पोस्टात काउंटरवर ही पाकिटं दिसायला लागतात आणि मी न चुकता घेते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

साइज ११ बाय २२ सेंटीमीटर, म्हणजे लांबट. किंमत दहा रुपये, काही ठिकाणी पंधरा. वर राखीचं डिझाइन छापलेलं, त्यामुळे टपालाच्या ढिगातसुद्धा यात राखी आहे हे लांबून कळतं. हाताला कागदासारखं लागतं पण फाडायला जाल तर फाटत नाही, दादा दरवेळी दातांनी प्रयत्न करतो आणि शेवटी वहिनीकडे कात्री मागतो. बंद करायला वरची पट्टी सोलायची, खाली गोंद असतोच, दाबलं की झालं. स्टेपलर मात्र मारू नका हं, भोकं पडली की मग कसलं वॉटरप्रूफ.

आता वॉटरप्रूफचं एवढं काय, तर राखी येते श्रावणात आणि श्रावणात पाऊस कुठे कसा गाठेल सांगता येत नाही. आई उज्जैनच्या मामाला अजून स्वतःच्या हाताने राखी भरते. कॅलेंडरच्या जुन्या पानाचा चौकोन कापायचा, त्यात चिमूटभर कुंकू आणि मोजून चार अक्षता, आणि पुडीची घडी अशी घालायची की उलटीपालटी केली तरी कणभर सांडणार नाही, मला ती घडी आजवर जमलेली नाही. तर एका वर्षी हे सगळं साध्या खाकी पाकिटातून गेलं, वाटेत पाऊस लागला, पाकीट भिजलं आणि मामाचा फोन, "अगं ताई, राखी पाठवलीस का नुसतं कुंकू?" पांढरा रेशमी गोंडा पूर्ण गुलाबी. मामाने तशीच बांधली म्हणा, पण आईला दोन दिवस चुटपुट. पोस्टाचं पाकीट वापरायला लागल्यापासून हा प्रकार बंद, पुडी कोरडी ठणठणीत पोचते.

एक गोष्ट नीट समजून घ्या, दहा रुपये नुसत्या पाकिटाचे, टपालखर्च वेगळा. साध्या टपालाने २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट लावून जातं पण त्याला ट्रॅकिंग नाही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन केलं, त्यामुळे पावती आणि नंबर हवा असेल तर स्पीड पोस्टच. आधी ५० ग्रॅमपर्यंत बाहेरगावी ३५ अधिक जीएसटी होते, आता ४७ अधिक जीएसटी, म्हणजे साधारण साडेपंचावन्न, आणि गावातल्या गावात १९ अधिक जीएसटी. गंमत बघा, साध्या राखीवरचा जीएसटी २०१८ मध्येच माफ झाला, ती पोचवायला मात्र १८ टक्के! तरी पाकीट धरून पासष्ट-सत्तरच्या आत काम होतं.

आणि हे कशाशी तुलना करून सांगतेय, तर दादाला मी एकदा गिफ्टवाल्या ॲपवरून राखी पाठवली होती, नाव घेत नाही. आठशे रुपयांचा कॉम्बो. फोटोत रुद्राक्ष आणि लाल रेशमी दोरा, प्रत्यक्षात सोनेरी प्लॅस्टिकचं फूल. कुंकू औषधाच्या कॅप्सूलएवढ्या डबीत, दोन चॉकलेटं, आणि वहिनीसाठी लुंबा (आमच्याकडे वहिनीला राखी बांधायची पद्धतच नाही, पण आता कॉम्बो म्हटलं की तो येतोच). कार्डावर "हॅपी राखी ब्रो" आणि खाली पाठवणारीचं नावच नाही! दादाने सगळ्या चुलत-मावस बहिणींना फोन लावले की बायांनो ही नक्की कोणाची. मी कस्टमर केअरला विचारलं तर चॅटवर तेच तेच, तुमचं म्हणणं टीमपर्यंत पोचवतो. अजून पोचवतायत बहुतेक.

पाकिटाची मर्यादा एकच, त्यात जाडजूड काही मावत नाही. मोठ्या खड्यांची, फुगीर फुलाची किंवा पोरांची ती लाइटवाली कार्टून राखी कोंबलीत तर पाकीट नीट चिकटत नाही आणि वजनही वाढतं. ५० ग्रॅमच्या वर गेलं की दर बदलतो. त्यामुळे मी आता राखीच चपटी घेते. मेळघाटात लवादा गावी संपूर्ण बांबू केंद्र आहे, तिथे बांबूच्या राख्या बनवतात, त्या या पाकिटात मस्त बसतात, वजनाला काहीच नाही आणि दिसायलाही वेगळ्या. गोंड्याची साधी राखीही छान जाते. पत्ता बॉलपेनने लिहा, अशा गुळगुळीत पृष्ठभागावर जेलपेनची शाई पसरते, आणि पिनकोडसोबत भावाचा मोबाइल नंबर टाका.

परदेशात भाऊ असेल तर आत काय घालताय ते आधी बघा. ऑस्ट्रेलियात बियाणं, धान्य, मिठाई या बाबतीत फार कडक आहेत, त्यामुळे अक्षता नकोत, बियांची इको राखी नको आणि पेढे तर मुळीच नकोत. नुसती धाग्याची राखी आणि चिठ्ठी बरी.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एवढ्यासाठी की हीच पाकिटं थोड्या मोठ्या साइजमध्ये सरसकट मिळाली असती तर दोन भावांच्या राख्या आणि पोरांच्या चिठ्ठ्या एकत्र गेल्या असत्या.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे राखीपौर्णिमा लांबलीय, २८ ऑगस्टला शुक्रवारी आहे. वेळ आहे म्हणून बसून राहू नका, १५ ऑगस्ट शनिवारी आणि लगेच रविवार, त्याच्या आधी टाकून मोकळं झालेलं बरं, शेवटच्या आठवड्यात काउंटरवर फार गर्दी होते. आणि दोन-चार पाकिटं जास्तीची घेऊन ठेवा, राखी झाली की ती दिसेनाशी होतात. मी दिवाळीत जे भाऊ घरी येऊ शकत नाहीत त्यांना भाऊबीजेचं कुंकू-अक्षता त्यातूनच पाठवते. ओवाळणी मात्र तिकडून जीपेवर दोन सेकंदांत येते, त्याला पाकीट लागत नाही.