पोलीस स्टेशनचं फुटेज मिळवून देणाऱ्या वकील मॅडम, रिव्ह्यू (5 पैकी 4)

नाव टाकत नाहीये, वकिलांना जाहिरात चालत नाही आणि मॅडमनी स्वतःच सांगितलंय की कुठे लिहिलंत तर माझं नाव नको. तरी लिहितोय, कारण असं काम घेणारा वकील कसा असावा हे कुणाला तरी उपयोगी पडेल.

केस अशी. माझ्या भाच्याला एका संध्याकाळी चौकशीला म्हणून उचललं, पहाटे सोडलं, गाल सुजलेला. पोलीस स्टेशनचं म्हणणं असा कोणी आलाच नव्हता. डायरीत नोंद नाही, एफआयआर नाही, काही म्हणजे काहीच नाही, मग पुरावा उरला एकच, त्यांच्याच भिंतीवरचा कॅमेरा.

ताई रडत रडत सगळं सांगत होती आणि मॅडमनी मधेच विचारलं, "फुटेज किती दिवस राहतं तिथं, काही कळलंय का?" ताईला ते लागलं जरा, पण खरा प्रश्न तोच होता. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन) भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, आणि फुटेज मागायचं ते आरटीआयने, म्हणजे माहिती अधिकारात अर्ज करून, त्याला उत्तर द्यायलाच कायद्याने 30 दिवस आहेत, त्यापुढे पहिलं अपील 30 ते 45 दिवस, आणि दुसरं अपील राज्य माहिती आयोगात कधी लागेल ते देवाला माहीत. तोपर्यंत तुम्ही जिंकलात तरी हातात काय येणार, रिकामी डिस्क. म्हणून आरटीआयच्या आधी मॅडमनी एक पानी पत्र काढलं, अमुक तारीख, अमुक वेळ, एंट्री गेट, लॉबी, लॉकअपबाहेरचा कॅमेरा, हे फुटेज जपून ठेवा. एक प्रत पोलीस स्टेशनला, एक वरच्या ऑफिसला, दोन्हीकडे आवक शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही असं बजावलं होतं. ठाणे अंमलदार शिक्का द्यायला तयारच नव्हता, मग रजिस्टर पोस्टाने पण पाठवलं. माझ्या मते त्यांची निम्मी फी ह्या एका कागदाची.

पत्रात आधार होता सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर 2020च्या परमवीर सिंग सैनी निकालाचा. त्यात प्रत्येक पोलीस स्टेशनला आवाजासकट सीसीटीव्ही, रेकॉर्डिंग 18 महिने ठेवा, तेवढ्या क्षमतेची सिस्टीम मिळत नसेल तरी किमान 1 वर्ष, आणि कॅमेरे चालू ठेवायची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची, एवढं स्पष्ट आहे. वाचायला मस्त वाटतं. 2025 साली त्याच कोर्टाला बंद कॅमेऱ्यांवर स्वतःहून केस घ्यावी लागली, म्हणजे काय ते समजा.

आरटीआयचा ड्राफ्ट मी दोन पानी नेला होता, मॅडमनी कापून सात ओळींचा केला, महाराष्ट्रात 150 शब्द आणि एकच विषय असा नियम आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, संपलं.

उत्तर आलं, नकार. कलम 8(1)(एच), तपासात अडथळा येईल. अहो कसला तपास, गुन्हाच दाखल नाही! वर 8(1)(जे) पण जोडलेलं, म्हणे फुटेजमध्ये इतर लोक दिसतात. पहिलं अपील नकार देणाऱ्या माहिती अधिकाऱ्याच्याच वरच्या साहेबांकडे जातं, तिथे तीच वाक्यं परत टाइप करून आली. आयोगानेही दुसरं अपील चार ओळींत निकाली काढलं, कारण काही नाहीच.

इथे एका ओळखीच्या वकिलाने सल्ला दिला की सिव्हिल कोर्टात दावा टाका. मॅडम हसल्या. आरटीआयच्या कलम 23ने तो रस्ताच बंद आहे, आयोगाच्या ऑर्डरविरुद्ध जायचं तर घटनेच्या 226खाली हायकोर्टात रिट. पिटीशन बारीक होती, मुद्दे थोडेच. नकार बरोबर होता हे सिद्ध करायचं काम कलम 19(5)प्रमाणे माहिती अधिकाऱ्याचं, आपलं नाही. नुसतं तपास चालू आहे म्हणून भागत नाही, अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं, ह्यावर दिल्ली हायकोर्टाचा 2007चा भगत सिंग निकाल (नाव ऐकून मी पण दचकलो होतो). आणि इतर लोक दिसत असतील तर कलम 10 आहे की, त्यांचे चेहरे ब्लर करा आणि बाकीचं द्या.

कोर्टात पहिल्याच सुनावणीला मॅडमनी बाकी काही न बोलता फक्त फुटेज सुरक्षित ठेवायचा अंतरिम आदेश मागितला आणि शिक्क्याचं पत्र पुढे केलं. सरकारी वकील म्हणाले इन्स्ट्रक्शन घेतो, पण आदेश झाला. पुढे बोर्डावर नंबर लागायचा आणि चार वाजले की राहून जायचं, असं बरंच चाललं. शेवटी आयोगाची ऑर्डर कारणं नाहीत म्हणून रद्द, प्रकरण परत आयोगाकडे. ताईला वाटलं हरलो की काय. मॅडमनी फोनवर शांतपणे समजावलं की हायकोर्ट सहसा स्वतः फुटेज हातात देत नाही, परत पाठवणं हाच आपला विजय. ह्यावेळी आयोगाने नीट ऐकलं, गेट आणि लॉबीचं फुटेज मिळालं, बाकीचे चेहरे पुसलेले. आत जाताना भाचा स्पष्ट दिसतो, बाहेर येताना गालावर हात धरलेला. लॉकअपबाहेरचा कॅमेरा "नादुरुस्त होता", आणि आवाज कुठेच नाही. सुप्रीम कोर्टाचं काय सांगत होतो मी?

एक स्टार कापला तो ऑफिससाठी. मॅडम चोख, पण त्यांचा क्लार्क फोन उचलत नाही, तारीख बदललेली आपल्यालाच वेबसाइटवर शोधावी लागते, आणि झेरॉक्स, टायपिंग, नोटरी ह्यांचे पैसे फीमध्ये नाहीत हे वकालतनामा सही झाल्यावर कळतं. आधी सांगितलं असतं तर कोणी नाही म्हटलं नसतं. आयोगाने माहिती अधिकाऱ्याला दंड का नाही लावला ह्यावर पण त्यांनी फार जोर धरला नाही. कलम 20मध्ये दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 आहे, मला तो हवा होता. त्यांचं म्हणणं आधी फुटेज, भांडण नंतर. बरं.

ज्यांच्यावर आधीच गुन्हा दाखल आहे त्यांनी फुटेजसाठी आरटीआयच्या मागे लागू नका असं त्या स्वतःच सांगतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94खाली थेट ट्रायल कोर्टाला फुटेज मागवायला सांगा, ते लवकर होतं. आणि नुसता पेन ड्राइव्ह घेऊन घरी येऊ नका, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं सर्टिफिकेट (कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडावा लागणारा दाखला) त्याच दिवशी लेखी मागा. आम्हाला त्या सर्टिफिकेटसाठी परत एक अर्ज करावा लागला, तो अजून पेंडिंग आहे.